मोजदाद

विकणाऱ्याने कोल्हापुरात सांगितलं, हुशार आहे,
पोरांत रमेल.
एवढंच.
तिच्या चार पायांत दोनशे मेंढरांचं काम
ठासून भरलंय हे नाही सांगितलं,
आणि आम्ही तर गोडोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
सासूबाई धरून पाच.

खालचे सुभेदार निकम म्हणाले, जात कुठली?
बॉर्डर कोली.
कुठल्या बॉर्डरची?
मी सगळ्या फिरलोय. कुठं दिसली नाही ती.

नाव ठेवलं भिंगरी. दुसरं सुचलंच नाही.

पहाटे पाचला अजिंक्यतारा.
मी पदर खोचून, गुडघ्यावर हात देत देत
दरवाज्याशी पोचते
तोवर ती तीनदा वर जाऊन आलेली.
उतरून घरी येतो, मी आधणात चहापत्ती टाकते न टाकते
तर पायाशी चेंडू.
जणू अजून उजाडायचंच आहे.

पहिल्या महिन्यात तिने खाल्लं ते:
सोफ्याचा डावा हात,
नणंदेच्या चपलेचा अंगठा,
ईश्वरीच्या प्रोजेक्टचं कोयना धरण, भिंतीसकट.
बाई वर्गात म्हणाल्या, धरण कुठंय?
ईश्वरी म्हणाली, फुटलं.

माणसं पांगलेली तिला खपत नाहीत.
जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरवायला सगळे जमले,
एक गॅलरीत फोनवर, दोघी ओट्यापाशी,
थोरले दीर जिन्यात, कारण आत जोतिराम होता
आणि विहिरीच्या वाटणीपासून
दोघं एका छताखाली बसत नाहीत.
भिंगरी पोट जमिनीला टेकवून सरकत गेली.
भुंकली नाही. नुसतं बघत राहिली,
ते तसलं बघणं, की आपल्यालाच वाटतं
आपण चुकीच्या जागी उभे आहोत.
मग पोटरीला ओलं नाक.
एकेक करून सगळे हॉलच्या एका कोपऱ्यात,
दीर आणि जोतिराम एकाच सतरंजीवर.
दोघं बोलले. कुत्रीबद्दल बोलले.
तेवढंच. पण बोलले.

दिवाळीनंतर मेढ्याच्या रस्त्याला
कळप आडवा आला.
पुढे घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या,
आणि मागे मेंढरंच मेंढरं, डांबर दिसेना.
गाडीत भिंगरी पहिल्यांदाच
गप्प.
जोतिरामने दार उघडलं.
म्हणाला, जा. तुझंच आहे ते.
त्याचा आवाज जरा वेगळा आला, पोरीला सासरी धाडतानासारखा.

ती दहा पावलं गेली.
खाली बसली. वास घेतला.
एका एडक्याने मान वळवली, खूर आपटला,
तशी भिंगरी जी फिरली
ती थेट ईश्वरीच्या पायांखाली, सीटच्या सांदीत, शेपूट पोटात.

धनगर तंबाखू मळत हसला.
लई नाजूक हाय. काय खाती?
जोतिरामने सांगितलं नाही, महिन्याला किती जातात ते.
केवढ्याला घेतली?
मित्रानं दिली, म्हणाला.
धनगराचं कुत्रं, एक कान फाटलेलं,
आमच्याकडे ढुंकूनही न बघता
चाकाजवळून निघून गेलं. त्याला काम होतं.

परतताना कुणी काही बोललं नाही.
ओजस मात्र खिडकीला तोंड लावून
हसू दाबत होता.

रात्री ती मोजदाद करते.
आधी सासूबाईंची खोली, तिथे जपमाळेला हुंगून बाहेर,
मग ओजस, मग ईश्वरी, मग मी.
चार.
पुन्हा पहिल्यापासून. चारच.
जोतिराम एमआयडीसीत, दुसऱ्या पाळीला.
मग ती दाराशी जाते, फटीला नाक लावून बसते,
अशी, की हलवलं तर दगड हलावा.

साडेबाराला खाली स्कूटरचा आवाज,
जिन्यात किल्ल्या वाजतात,
तो आत येतो न येतो तर ती
उभ्या उभ्या आडवी.

सतरा वर्षं त्या स्कूटरसाठी
मी जागी राहायचे. डोळे मिटून, पण जागी.
कुणाला माहीत नव्हतं.
हल्ली अकराला गाढ झोपते.
परवा तो म्हणाला, मी आलो तरी तुला कळत नाही.

पाचला उठवतात मला.
चेंडू उशीवर असतो, ओला.